उजवीकडचा खिसा

“उसवताना दोरा ओढायचा नाही, हन्ना. एक टाका कापायचा, दोन सोडायचे, मग पुढचा. ओढलास की कापड जातं, आणि गिऱ्हाईक काही दोऱ्याला बोल लावत नाही.”

समुवेल मास्तरांना जाऊन वीस वर्षं झाली होती. तरी हातात पातं घेतलं की हन्नाबाईंना वडिलांचा हा आवाज ऐकू यायचाच. नगरच्या मिशनच्या शिवणशाळेत मास्तरांनी मुलांबरोबर आपल्या लेकीलाही मशीनवर बसवलं होतं. त्या विद्येवर हन्नाबाईंनी नवऱ्यामागे परळच्या चाळीत घर चालवलं, एकुलत्या शैलाला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं.

बाई मोठ्या नेमाच्या. पहाटे पाचला उठून शास्त्राचा एक अध्याय वाचायचा, मग प्रार्थना. शुक्रवारी दिवस मावळेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. प्रार्थनेचंही त्यांनी शिवणासारखं ठरवून टाकलं होतं. आधी घरच्यांची ओळ, मग आजाऱ्यांची, मग प्रवासात असलेल्यांची आणि शेवटी शत्रूंची. पहिल्या तीन ओळींत नावं असत. शत्रूंच्या ओळीत नाव नसे. नुसतं ‘शत्रूंचं भलं कर’ म्हटलं की आमेन.

अठ्ठावन्न सालच्या फेब्रुवारीत, एका रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी त्यांना थांबवलं. पाळक नवे होते, वर्षापूर्वीच सोलापूरहून आलेले.

“हन्नाबाई, मागच्या बाकावर ते कोंडीराम बसतात ना, त्यांनी बाप्तिस्मा मागितलाय. पुढच्या रविवारी द्यावा असं पंचांच्या मनात आहे.”

“द्या की.”

“मी त्यांना विचारलं, नवा जन्म म्हणजे काय समजलात? तर म्हणाले, समजलं असं काही म्हणवत नाही. मी बदललोय का ते हन्नाबाईंना विचारा. त्या हो म्हणाल्या तर पाणी घाला, नाही म्हणाल्या तर राहू द्या.” पाळकसाहेब हसले. “तुमची जुनी ओळख दिसते.”

“एकदाच भेट झाली होती,” हन्नाबाई म्हणाल्या. “शनिवारपर्यंत सांगते.”

ती भेट छप्पनच्या जानेवारीतली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं ऐकून गिरणगाव पेटलं होतं. रस्त्यांवर गोळ्या सुटत होत्या आणि दिवसरात्र संचारबंदी होती. पहिलटकरीण शैला बाळंतपणाला आईकडे आलेली. भर दुपारी कळा सुरू झाल्या आणि बघता बघता पोरगी अडली. शेजारची कांता धावली, भाजीची हातगाडी मिळवली. दोघींनी शैलाला तिच्यावर घालून नाक्यापर्यंत ढकलत नेलं. नाक्यावर पोलीस उभे होते. त्यातला एक पुढे आला.

“पास दाखवा.”

“पास कुठला? पोरगी अडलीय. तुम्हाला दिसत नाही का?”

“कर्फ्यू म्हणजे कर्फ्यू. मागे फिरा.”

दवाखान्याचं फाटक तिथून दिसत होतं. हन्नाबाईंनी हात जोडले, कांताने शिव्या दिल्या. तो तीनदा तेच बोलला आणि तिसऱ्यांदा बोलताना त्याने काठी आडवी धरली. गाडी मागे फिरली. मुलगा झाला, तो रडलाच नाही. दोन दिवसांनी संचारबंदी दोन तास उठली तेव्हा जावयाने आणि हन्नाबाईंनी त्याला शिवडीच्या दफनभूमीत नेऊन ठेवलं. शैला अंथरुणावर होती. त्यानंतरही ती कधी तिकडे गेली नाही.

तोच माणूस सहा महिन्यांपूर्वी देवळात मागच्या बाकावर येऊन बसला. तो बसायच्या आत हन्नाबाईंनी त्याला ओळखलं होतं. त्या दिवसापासून त्यांच्या प्रार्थनेतली शेवटची ओळ गळली. हल्ली काम फार असतं, उरकून घ्यावं लागतं, असं त्या स्वतःलाच सांगायच्या.

सोमवारी सकाळी कांता त्यांच्या दारात मेथी निवडत बसली होती. ती गिरणीत वायंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होती, त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला. पाळकांचं म्हणणं ऐकून ती म्हणाली, “आम्ही नागपूरला एका दिवसात लाखो लोक बौद्ध झालो. तुमच्यात एका माणसाला तपासायला सहा महिने?”

“आमच्यात घाई नसते, कांता.”

“मग मेल्यावर द्या म्हणावं बाप्तिस्मा. निवांत.” तिने मेथीची काडी फेकली. “आणि तुम्ही काय, हो म्हणणार?”

हन्नाबाई काही बोलणार तोच जिन्यावर पावलं वाजली. काखेत कागदाचं पुडकं धरून कोंडीराम वर आला. अंगावर खाकी नव्हती, पण कांताला त्याला ओळखायला पळभरही लागलं नाही.

“काय हवालदार, पास आहे का पास? आमच्या जिन्याला पास लागतो.”

त्याने मान खाली घातली, पण मागे फिरला नाही. “नाही बाई, पास नाही,” म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. मग हन्नाबाईंकडे बघून म्हणाला, “तुम्ही मला ओळखता.”

“ओळखते. पुडक्यात काय आहे?”

कोट निघाला. तो आता माझगावला एका गोदामावर वॉचमन होता आणि तिथल्या साहेबाने जुना कोट दिला होता. करडं लोकरी कापड, चांगल्या घराण्यातलं, पण वरून पार विटलेलं. “उलटवून मिळंल का? नुसतं यायला जीव होईना, म्हणून काम घेऊन आलो.”

हन्नाबाई परपुरुषाच्या अंगाला टेप लावत नसत. त्यांनी त्याच्या अंगातला सदरा मापाला मागितला. तो गडबडला, मग म्हणाला, “उद्या दुसरा आणून देतो.” कांताला हसू आवरेना, आणि आपल्याला हसू आलं याचाच राग येऊन तिने मेथी उचलली आणि ती आपल्या खोलीत गेली. जाता जाता म्हणाली, “मी असते ना, चूल पेटवली असती त्या कोटाने.”

कोट उलटवायचा, आतली बाजू बाहेर आणायची, म्हणजे आधी सगळा मोडायचा. हन्नाबाईंनी अस्तर सोडवलं, बाह्या सोडवल्या, कॉलर सोडवली. एक टाका कापायचा, दोन सोडायचे. दोन दिवस त्याच कामात गेले. आतल्या बाजूने कापड गडद निघालं, जवळजवळ निळसर, ऊन न लागलेलं. पण कोपरावर जिथे वरून विरलं होतं तिथे आतूनही विरलेलंच होतं. त्याला उलटवून इलाज नव्हता. तिथे त्यांनी आतून तुकडा लावला.

बुधवारी कच्ची शिलाई घालून त्यांनी कोट त्याच्या हातात दिला. त्याने तो घातला आणि आरशात न बघता त्यांच्याकडे बघितलं.

“खांद्याला बरा बसतोय,” हन्नाबाई म्हणाल्या. “काजं बुजवून दुसऱ्या अंगाला पाडते, नाहीतर बायकी कोट होईल. आणि छातीवरचा खिसा उजवीकडे आलाय. उलटवल्यावर तो यायचाच. तोही बुजवते, डावीकडे नवा करते. नीट रफू केलं की कुणाला कळत नाही.”

“कळलं तर काय होतं?”

“कोट जुना आहे, उलटवलाय, हे दिसतं. लोक हसतात.”

त्याने उजव्या हाताचं बोट त्या खिशात घालून बघितलं. “हसू देत. हा राहू द्या असाच.”

“बरं.”

तो कोट काढू लागला, एक बाही काढून थांबला. “बाई, त्या दिवशी तिथून फाटक दिसत होतं. मला पण दिसत होतं.”

हन्नाबाईंनी टाचण्या डबीत टाकायला सुरुवात केली.

“वरून हुकूम होता, असं मी सांगायचो. सगळ्यांना सांगितलं. गावी आईला पण सांगितलं. हुकूम होताच, खोटं नाही. पण दोघातिघांना तर मीच सोडलं होतं त्याच दिवशी. एक माझ्या गावचा होता. त्याला पास विचारला नाही.” त्याने लोंबती बाही सावरली. “हे मी आईला सांगितलं नव्हतं. पाळकसाहेबाला पण नाही.”

“मला का सांगताय?”

“तुम्हाला विचारणार आहेत ते. मग तुम्हाला सगळं ठाऊक पाहिजे.” त्याने दुसरी बाही काढली. “माफी मागायला नाही आलो. ती तुमच्याकडं नाही, ती तुमच्या लेकीकडं.”

तो गेल्यावर हन्नाबाई मशीनवर बसल्या. दोन वर्षं त्यांनी त्या माणसाला एक दगड म्हणून धरलं होतं. दगडाने अडवलं, दगडाला काय कळतं. आता दगड म्हणत होता की मला कळत होतं. त्याचा राग जास्त यायला हवा होता. आलाही. पण दगडावरचा राग वेगळा आणि माणसावरचा वेगळा, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

गुरुवारी दुपारी त्या ट्रामने माझगावला शैलाकडे गेल्या. ती म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवायची. वह्या तपासता तपासता तिने सगळं ऐकून घेतलं, लाल पेन्सिल एकदाही थांबली नाही.

“म्हणजे तुझ्या हो म्हणण्यावर आहे तर.”

“त्याने तसं म्हटलंय.”

“अडवलं मला होतं, आई.”

“म्हणून तर विचारायला आले.”

शैलाने वही मिटली. “दोन वर्षं विचारलं नाहीस. तू यायचीस, पोळ्या करून ठेवायचीस, प्रार्थना करून जायचीस. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. आज त्याच्यासाठी विचारतेस.”

हे खरं होतं.

“तुझा देव त्याला नवा जन्म देतोय. माझ्याला पहिलासुद्धा मिळाला नाही.”

“हो,” हन्नाबाई म्हणाल्या. आयुष्यभर शास्त्र वाचलेल्या बाईला यावर एक वचन सुचलं नाही. आणि सुचलं नाही याची लाजही वाटली नाही. त्यांनी लेकीचा हात हातात घेतला. शैलाने तो बराच वेळ राहू दिला.

मग ती म्हणाली, “कसा होता गं तो? मला कुणी बघू दिलं नाही.”

“केस खूप होते. काळेभोर. कान तुझ्या बाबांसारखे.”

दोघी रडल्या, मोठा आवाज न करता, कारण भिंतीपलीकडे बिऱ्हाड होतं. चहा झाल्यावर शैला म्हणाली, “साक्ष दे नाहीतर देऊ नकोस. ते तू बघ. पण रविवारच्या आधी त्याला शिवडीला घेऊन जा. जागा दाखव. तिथे तो काय बोलतो, रडतो की नाही, मला येऊन सांगू नकोस. नुसता उभा कर.”

“नेते.”

“वचन?”

“वचन.”

शुक्रवारी पहाटे हन्नाबाई प्रार्थनेला बसल्या. घरच्यांची ओळ झाली, आजाऱ्यांची झाली, प्रवाशांची झाली. सहा महिन्यांनी शेवटची ओळ जिभेवर आली आणि आज तिला नाव होतं. “शत्रूंचं भलं कर. कोंडीरामाचं.” म्हणून झालं, पण काहीतरी तिरपं शिवल्यासारखं वाटलं. त्यांनी ते नाव तिथून काढलं आणि आजाऱ्यांच्या ओळीत घालून बघितलं. तिथेही बसेना. बाहेर नळाला पाणी आलं, बादल्या वाजायला लागल्या. शेवटी त्यांनी प्रार्थना पहिल्यापासून सुरू केली आणि पहिल्याच ओळीत, शैलाच्या नावानंतर, नाव नसलेल्या बाळाच्या जागेनंतर, त्याचं नाव घेतलं. कसं घेतलं, कधी घेतलं, त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. आमेन म्हणून उठल्या आणि पाण्याला गेल्या.

दुपारी उपासाच्या पोटी त्या पाळकसाहेबांच्या घरी पोचल्या.

“सलाम, पाळकसाहेब. साक्षीचं सांगायला आले.”

“बसा. मग, बदललेत का ते?”

“ते मला सांगता येणार नाही. माणसाच्या आतलं मी कुठून बघणार? लपवत नाहीत, एवढं बघितलंय. मी विचारलं नव्हतं तेही सांगितलं. तेवढीच साक्ष चालेल का?”

पाळकसाहेबांनी काय सांगितलं ते विचारलं नाही. “चालेल,” म्हणाले. मग त्यांच्याकडे बघत, “तुम्ही बऱ्या आहात ना?”

“मी सहा महिने प्रार्थनेत लबाडी करत होते. ती आज सोडली.” एवढं बोलून त्या उठल्या. “कोंडीरामांना निरोप द्याल का? उद्या सकाळी सातला चाळीखाली या म्हणावं. एका ठिकाणी जायचंय.”

शनिवारी त्यांनी धुवट पांढरं लुगडं नेसलं, घोटभर चहा घेतला आणि दाराला कडी घातली. कांता गॅलरीत दात घासत उभी होती. सकाळी सकाळी बाईंना बाहेरच्या कपड्यांत बघून तिने चूळ भरली.

“कुठे निघालात?”

“शिवडीला.”

कांताने कठड्यावरून खाली डोकावून बघितलं. खाली तो येऊन थांबला होता. तिच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, ते तिने पुन्हा चूळ भरून थुंकून टाकलं. “मी येऊ का सोबत?”

“नको गं. रात्री पाळीवरून उशिरा आलीस ना? जरा पड.”

हन्नाबाई जिना उतरल्या. कोंडीरामाने कुठे जायचं ते विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पदर डोक्यावर नीट घेऊन त्या पुढे निघाल्या आणि तो चार पावलं मागून चालू लागला.