काठावरच्या सहा रेघा

मित्रांनो, माझं वय मला विचारू नका, माझा खालचा काठ उलटून बघा. तिथे सहा फिकट रेघा दिसतील. मी लोकरीचा जुना कोट आहे. रंग तपकिरी, स्वभाव जरा तिरसट. पण त्या रेघांचा विषय निघाला की माझा ताठा उतरतो.

मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी आपल्या थोरल्या लेकीसाठी शिवलं. लेक आठ वर्षांची. दुकानात तिला चकचकीत गुलाबी कापड हवं होतं. बाईंनी माझा एक धागा उपसला, काडी ओढून जाळला आणि हुंगला. केस जळल्यासारखा वास आला.

"ही खरी लोकर. तुझं ते गुलाबी नुसतं दिसायला!"

लेक फुरंगटली. पण थंडी पडल्यावर मला अंगावेगळं करेना. बाईंनी माझ्या काठाशी वीतभर कापड आत दुमडून ठेवलं होतं, मूल वाढेल तसं उसवून सोडायला.

त्याच हिवाळ्यात थोरली तापाने गेली.

मी कपाटात आलो. तिच्या वाढदिवशी बाईंनी मला बाहेर काढलं, दोन बोटं कापड सोडलं, नवी शिलाई घातली, इस्त्री फिरवली; तरी जुन्या घडीची फिकट रेघ राहिलीच. "आता एवढी झाली असती," असं पुटपुटून मला परत टांगलं. मग दरवर्षी हेच. खरं सांगतो, मला भीती वाटायची. अंगात कुणी नसताना मी वाढत होतो! बाह्यांना तिच्या कोपरांचा बाक तसाच होता. डावा खिसा कधीकधी उगाच जड व्हायचा, तिने हात घातल्यासारखा.

तेव्हा रांगणारी धाकटी आता शाळेत जायची, पातळ स्वेटरवर कुडकुडत. तिचा खोकला मला दाराआडून ऐकू यायचा आणि लाज वाटायची.

सातव्या वर्षी आतलं कापड संपलं. बाई मला आणि धाकटीला घेऊन त्याच दुकानात गेल्या.

"असंच वीतभर द्या, खाली जोडायचंय."

"ताई, हा माल कधीच बंद झाला," दुकानदार म्हणाला. "आणि हिला तर हा आत्ताच लांब होईल की!"

"हिला नाही. मोठीला."

धाकटीने आईचा पदर ओढला. "आई, ताई आता वाढत नाही गं. मी वाढतेय."

घरी येऊन बाईंनी मला धाकटीच्या अंगात घातलं. मी पार घोट्यापर्यंत लोंबत होतो. त्या काठ वर दुमडत गेल्या. सहावी रेघ, पाचवी, चौथी. पहिल्या रेघेवर हात थांबला. थोरली बरोबर इतकीच होती. बाईंच्या हातातल्या टाचण्या जमिनीवर सांडल्या आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्या मोठ्याने रडल्या.

मित्रांनो, कापड घेताना धागा मोठ्यांकडून जाळून बघा, शिलाई ओढून बघा. पण चांगला कपडा कपाटात कोंडून ठेवू नका. घरातच कुणीतरी कुडकुडत असतं.

धाकटी आता मला रोज घालते. फक्त डाव्या खिशात ती कधी हात घालत नाही. मीही आग्रह करत नाही.