लक्ष्मीची कोठी आणि मनोजचा पाय

मित्रांनो, रॉक बँड वाजताना तुमच्या छातीत धडधड होते, ती गिटारवाल्यांमुळे होते असा तुमचा समज असेल तर तो आधी काढून टाका. ती मी करतो. मी त्या संचातला सगळ्यात मोठा, जमिनीवर आडवा बसणारा ड्रम आहे. बाकीचे ड्रम काठ्यांनी वाजतात, मी पायाने वाजतो. वादकाने पायाखालची पट्टी दाबली की एक गोळा माझ्या पानावर, म्हणजे तोंडावर ताणलेल्या पडद्यावर, आदळतो आणि सभागृहाच्या खिडक्या थरथरतात. माझे वय झाले, लाल रंगाचे पोपडे गेले, पण आवाज शाबूत आहे.

अमरावतीच्या एका कॉलेजात तिघांनी बँड काढला आणि नाव ठेवले 'सरकी'. धर्मपाल गिटार वाजवायचा, पौर्णिमा गायची आणि माझ्यामागे मनोज बसायचा. गाणी वऱ्हाडी आणि वाद्ये विलायती, म्हणून प्राध्यापक नाक मुरडायचे. पोरे मात्र बाकांवर चढून नाचायची. आम्ही कौंडण्यपूरची यात्रासुद्धा सोडली नाही. तिथे भजन ऐकायला आलेल्या म्हाताऱ्यांनीही मान डोलावली होती, हे मी अजून ज्याला त्याला सांगतो.

मग धर्मपालला पुण्यात नोकरी लागली. पौर्णिमा शिक्षिका होऊन अकोल्याला गेली. मनोज मला घेऊन परतवाड्याजवळच्या आपल्या गावी आला आणि शेतीत गुंतला. पुढे उंदरांनी माझे समोरचे पान कुरतडले. मी धान्याच्या खोलीत पडून राहिलो. फार वाईट दिवस होते ते.

एका वर्षी भादव्यात मनोजच्या आईची, मनकर्णाबाईंची पंचाईत झाली. आमच्याकडे महालक्ष्म्या कोठ्यांवर उभ्या करतात. कोठीत धान्य भरायचे, वर मुखवटा ठेवायचा आणि लुगडे नेसवायचे. त्यांच्या दोन जुन्या पत्र्याच्या कोठ्यांपैकी एक तळाशी गंजून गेली होती. त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला उभे केले, पोटात गहू भरले आणि माझ्यावर ज्येष्ठेला विराजमान केले. मी बुटका, म्हणून खाली दोन पाट घालावे लागले. तेव्हापासून दर वर्षी तो मान माझा. एवढी वर्षे लाथा खाल्लेल्याला लोक वाकून नमस्कार करू लागले, मग मी फुगणार नाही तर काय?

गेल्या वर्षी धर्मपालचा फोन आला. 'सरकी' पुन्हा एकत्र येणार होती. परतवाडा, अमरावती आणि अकोला असे तीन कार्यक्रम ठरले. मनोज मला न्यायला आला, तर मनकर्णाबाई आडव्या आल्या.

"लक्ष्मी उभी राह्यली याच्यावर. याले लाथ नाई लागू देनार मी."

मनोजलाही ते पटले, कारण त्याचाच पाय उचलत नव्हता. शेवटी परतवाड्याला भाड्याचा चकचकीत संच आणला. मी घरीच राहिलो. पण तिथे काय झाले ते जीपमधून उतरलेल्या तिघांच्या चेहऱ्यांवरच दिसले. मनोजला त्या ड्रमवर ताल सापडला नव्हता, पौर्णिमा दोनदा गाणे चुकली होती आणि लोक मधूनच उठून गेले होते. आपण बँडला बुडवतो आहोत, अमरावतीला दुसरा वादक घ्या, असे मनोज म्हणाला. पौर्णिमा रडली. दुसरा वादक घेतला तर मीही गाणार नाही, असे तिने सांगून टाकले. एवढ्या वर्षांनी जुळलेले तिथेच तुटायला आले होते.

मनकर्णाबाई पहिल्या रांगेत बसून सगळे पाहून आल्या होत्या. सकाळी त्यांनी मला अंगणात आणले, ओल्या फडक्याने पुसले आणि मनोजला हाक मारली.

"खांडेनवमीले आपन वखराची पूजा करतो. अन् वावरात त्याच वखरावर पाय देऊन उभा राह्यतंच ना तू? मंग याले काहून भेतं? नमस्कार कर, अन् वाजव."

धर्मपालने अमरावतीहून नवे पान आणून बसवले.

अमरावतीचे सभागृह खच्चून भरले होते. पडदा वर गेला. मनोज वाकला, माझ्या कडेला हात लावून त्याने तो कपाळाला टेकवला आणि मग पाय पट्टीवर ठेवला. पहिल्या ठोक्यालाच पौर्णिमाने मागे वळून पाहिले आणि ती हसली. त्यानंतर ती एकदाही चुकली नाही. अकोल्यात तर जुन्या शहरातून माणसे पोराबाळांसकट आली होती. बसायला जागा नव्हती म्हणून लोक भिंतींवर चढले. मनकर्णाबाई शेजारच्या अनोळखी बाईला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, "तो आमच्या घरचा हाय."

आता नागपूरचे बोलावणे आले आहे. तारीख भादव्यातली होती. लक्ष्म्या उठल्याशिवाय ड्रम मिळणार नाही, असे मनकर्णाबाईंनी कळवले, आणि आयोजकांनी मुकाट्याने तारीख पुढे ढकलली. माझ्यासाठी बरे का, माझ्यासाठी.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी पेटी, सायकल किंवा शिलाई मशीन कापडाखाली झाकलेली असेल. तिला हळदीकुंकू जरूर वाहा, पण धूळ पुसून एकदा वाजवून पाहा, चालवून पाहा. लोकांच्या नमस्काराने मला मान मिळाला. जीव आला तो मनोजचा पाय लागल्यावर.