पुसलेलं गोंदण

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. सुरतच्या पांडेसऱ्यात, पुष्पाबाईंच्या खोलीत पिठाच्या डब्यावर पडून असतो. माझी काच कोपऱ्यात तडकली आहे आणि पाठीला रबर गुंडाळलं आहे. हसू नका, माझेही दिवस होते.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी काळा कुळकुळीत आणि गुळगुळीत होतो. पुष्पाबाईंची सून वर्षा मला घरी घेऊन आली. सासूबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं, ते नेमकं कॅमेऱ्यावर. पहिला अख्खा दिवस मला सारं जग पिवळं दिसलं. पुष्पाबाई घरी बसून साड्यांना लेस लावायच्या. त्यांचे यजमान बन्सीलाल पूर्वीच वारले होते. त्यांचं नाव तेवढं पुष्पाबाईंच्या मनगटावर हिरवं गोंदलेलं होतं.

पुढे वर्षा साड्या विकू लागली. साडी सासूबाईंना नेसवायची, त्यांना गच्चीवर उन्हात उभं करायचं आणि मी फोटो काढायचा. तो जायचा खानदेशात, शिरपूरच्या सुषमाताईंकडे. त्या आपल्या गल्लीतल्या बायकांना दाखवून मागणी कळवायच्या. पदर धरलेला सावळा हात आणि त्यावरचं गोंदण दिसलं, की बायका निर्धास्त व्हायच्या. ही आपल्या पुष्पाआक्कांची साडी, म्हणायच्या. माल कधी परत आला नाही, आणि त्याचा मला फार अभिमान वाटायचा.

मग बाजार बदलला. दुकानादुकानांवर एआय फोनच्या पाट्या लागल्या. इतर विक्रेते साडी नुसती खाटेवर पसरू लागले आणि त्यांचा फोन ती कुणा गोऱ्यापान मुलीला महालात नेसवून दाखवू लागला. आमच्याकडची मागणी आटली. वर्षा तरी काय करणार? तिनेही तसाच फोन घेतला. बदल्यात मला द्यायला नेलं, तर दुकानदाराने मला उलटसुलट करून पाहिलं. "भाभी, आमां एआय नथी. हवे आने कोई लेतुं नथी." माझ्यात एआय नाही, म्हणून मला आता कोणी घेत नाही, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या दिवसापासून मी डब्यावर आहे.

श्रावण आला. खानदेशात घरोघरी कानबाई बसते आणि देवीला नवी साडी नेसवतात. वर्षाने सासूबाईंचा फोटो काढला, पण नव्या फोनने, आणि 'सुंदर करा' वर बोट ठेवलं. सुरकुत्या गेल्या, सावळा रंग गेला. साडीची बारीक जरीची किनार चांगली रुंद झाली. मनगटावरचं गोंदण त्याने डाग समजून पुसून टाकलं. पुष्पाबाई कितीतरी वेळ फोटो पाहत राहिल्या.

"ते त्यास्नं नाव शे, वर्षा. काब्र पुसी टाकं?"

नवऱ्याचं नाव का पुसलं, हे त्या विचारत होत्या, पण वर्षा घाईत होती. तिने फोटो तसाच पाठवला.

मागणी भरभरून आली. साड्या शिरपूरला पोचल्या आणि गठ्ठ्यांनी परत आल्या. फोटोत रुंद किनार दाखवून देवीच्या साडीत फसवलं, असं बायका बोलू लागल्या. सुषमाताईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, तेच वर्षाला जास्त लागलं.

"आम्ही तो हात देखीसन साड्या लेतस. फोटोमा तो हातच नव्हता."

यापुढे आमच्याकडून मागणी येणार नाही, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. म्हणजे धंदाच बसला.

वर्षाने मला डब्यावरून उचललं, चार्जिंगला लावलं आणि गच्चीवर नेलं. पुष्पाबाई उभ्या राहायला तयार होईनात. त्या गोऱ्या मुलीपुढे मला कोण पाहणार, म्हणाल्या. वर्षा रडू लागली. तिने परत आलेल्यातली एक साडी त्यांच्या खांद्यावर टाकली आणि त्यांचा हात पुढे घेतला.

"नाव दिखू द्या, आई."

मी फोटो काढला. जरा अंधूकच आला. पण जरीची किनार होती तेवढीच बारीक दिसली आणि बन्सीलालचं नाव अक्षरन् अक्षर वाचता आलं. वर्षाने तो फोटो शिरपूरला पाठवला. सुषमाताईंनी बायकांना काही सांगितलं नाही. त्यांनी फक्त एक साडी मागवली, स्वतःच्या घरच्या कानबाईसाठी.

मित्रांनो, नवा फोन खुशाल घ्या. तो बिचारा सांगाल तेवढंच करतो. पण 'सुंदर करा' वर बोट ठेवण्याआधी समोरच्या माणसाचा हात एकदा नीट पाहा. त्यावर कुणाचं नाव आहे, ते त्यालाच विचारा.