त्याला अर्थ नाही

माझा स्वभाव तापट आहे हे मला माहीत आहे, उगाच कुणी सांगायला येऊ नये. पण त्या दिवशी जुन्या पोकलेनच्या यार्डात शिरले तेव्हा डोकं फिरायला कारणही तसंच होतं. माझी धाकटी बहीण, जिला घरात आम्ही अजून बारकीच म्हणतो आणि जी वीस टनांचं मशीन दोन लीवरवर नाचवते, ती एका पिवळ्याधमक पोकलेनच्या साखळीवर बसून मुळूमुळू रडत होती. किल्ली हातात होती, परत द्यायला काढलेली.

बारा वर्षं ही बाई दुसऱ्यांची मशीनं चालवतेय. यंदा पहिल्यांदा स्वतःचं घ्यायचं ठरवलं, जुनं का होईना. यार्डवाल्याने दोन दिवस चालवून बघायला दिलं होतं. दुसऱ्या दिवशी तीन वाजायच्या आत चालवत गेटबाहेरच्या ट्रेलरवर नेलंस तर ठरल्या भावात तुझं, नाहीतर सुटे भाग काढून न्यायला दुसरं गिऱ्हाईक तयार बसलंय, असा रोखठोक सौदा. मी पोचले तेव्हा पावणेदोन झाले होते.

दुखणं असं, की मशीन सुरू व्हायचं, दहा मिनिटं शहाण्यासारखं वागायचं, आणि भरली बकेट घेऊन बूम, म्हणजे त्याचा लांब लोखंडी हात, वर गेला की पडद्यावर तीन लाल दिवे एकदम पेटायचे. एक पंपाचा दाब सांगणाऱ्या सेन्सरचा, दुसरा लीवरचा दाब सांगणाऱ्याचा आणि तिसरा तेल किती तापलंय ते सांगणाऱ्याचा. की लगेच इंजिन मान टाकायचं आणि बूम जागच्या जागी कुंथत राहायचा. यार्डातल्या फिटरने एक सेन्सर बदलून पाहिला, फरक शून्य. मग पंपच गेलाय असं छातीठोक सांगून तो जेवायला निघून गेला. पंप गेला असेल तर हे मशीन म्हणजे पांढरा हत्ती, घेण्यात काही शहाणपण नाही.

मला सकाळीच फोन का नाही केलास म्हणून विचारलं तर म्हणते कशी, तू चिडतेस. मी चिडते, मी! म्हणून हिने उस्तादांना फोन लावला होता. उस्ताद म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी मशीनचं वायरिंग शिकले ते. आता त्यांनी काम सोडलंय, पण शब्द आजही तोलूनमापून वापरतात. तर उस्तादांनी त्याला अर्थ नाही असं सांगितलं आणि फोन ठेवून दिला. ते ऐकूनच बारकीने किल्ली परत द्यायला काढली होती.

खरं सांगते, माझीही आशा सुटली. उस्तादांचं निदान चुकलेलं मी तरी पाहिलेलं नाही. पण मीटर लावल्याशिवाय मी माझ्या बापाचंही ऐकत नाही. बारकीला हाताला धरून उठवलं, कॅबिनमध्ये बसवून भरली बकेट उचलायला लावली आणि कामाला लागले. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या मायनसला चिमट्याने अडकवलं आणि लाल टोक एकेका सेन्सरच्या प्लगमध्ये घातलं. पाच व्होल्ट यायला हवेत, पाचच आले. दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात पाच. लाल दिवे डोळे वटारून बघतायत आणि मीटर म्हणतोय सगळं आलबेल. उंदराने वायर कुरतडली असेल म्हणून कोपरापर्यंत हात घालून चाचपून झालं, तिथेही काही नाही. सव्वादोन झाले. यार्डवाला दोनदा येऊन घड्याळात बघून गेला, तिसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला असं काही बोलले की ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्याच तिरीमिरीत बारकीकडे वळले. उस्ताद नक्की काय म्हणाले ते शब्द न् शब्द सांग म्हटलं.

"मी म्हटलं तीन दिवे लागतात. त्यांनी विचारलं, एकामागून एक की एकदम? मी म्हटलं, एकदम. तर म्हणाले, मग त्याला अर्थ नाही."

"'मग' म्हणाले?"

"हो. मग त्याला अर्थ नाही."

मीटर हातातून पडता पडता राहिला. अगं बाई गं! बारकी आयुष्यभर माती उकरत आली, तिच्या लेखी अर्थ म्हणजे अर्थ. उस्ताद पडले वायरिंगवाले. आमच्याकडे अर्थ म्हणजे अर्थिंगमधला अर्थ, वीज परत जायची वाट, मशीनच्या लोखंडी अंगाला बोल्टने आवळलेली काळी तार. तीन सेन्सर ठरवून एकाच वेळी मरत नाहीत. तिघांची परतीची वाट एक असते आणि ती तुटली की तिघेही एकदम खोटं बोलायला लागतात. उस्तादांनी मशीनची आशा सोडली नव्हती, सरळ रोग सांगितला होता. आणि मी दीडशहाणी काळं टोक बॅटरीला लावून बसले होते! म्हणजे सेन्सरला जी वाट मिळत नव्हती, ती माझ्या मीटरला मी माझ्या हाताने दिली होती. पंचवीस वर्षं या कामात घातली आणि शेवटी काखेत कळसा नि गावाला वळसा.

चिमटा काढला, काळं टोक सेन्सरच्या स्वतःच्या काळ्या तारेला लावलं आणि बारकीला बूम उचल म्हणून ओरडले. बूम वर जायला लागला आणि पाचाचा आकडा घसरला. चार, तीन, दोन, परत चार. मला इतका आनंद झाला की मी त्या मीटरचा मुका घ्यायची बाकी होते.

आता ती तार धरून मागे मागे जायचं एवढंच उरलं होतं. कॅबिनमागचा पत्रा काढला, दोन बोटं सोलून घेतली आणि बोल्ट सापडला. नवरीसारखा नटलेला, वरून खालून पिवळा. विकायच्या आधी यार्डात मशीनला रंग फासतात ना, तर पेंटरने तार सोडवून ठेवली, खालचं लोखंड मनापासून रंगवलं आणि त्या रंगावरच तार ठेवून बोल्ट आवळला. रंगातून वीज जाणार कशी? कुठेतरी बोल्टच्या आट्यांना टेकून जेमतेम काम चाललं होतं, आणि बूमला वजन आलं, सांगाडा हादरला की तेवढंही सुटायचं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ते हे असं.

पॉलिश पेपरने घासून घासून लोखंड पांढरं केलं, तार बसवली, बोल्ट जीव खाऊन आवळला. बारकीने बकेट काठोकाठ भरली आणि बूम उचलला. एकदा, दोनदा, दहादा. इंजिन गरजत होतं आणि पडद्यावर एकही दिवा नव्हता. बारकी आतून हसत होती, मी खाली उभी राहून शिट्टी मारली, ह्या वयात.

इंजिनाचा आवाज ऐकून यार्डवाला लगबगीने आला. आता त्याचा सूर बदलला होता. मशीन एवढं ठणठणीत असेल तर एकदा नव्याने बोलायला हवं, असं काहीतरी तो पुटपुटायला लागला. मी पाना घेऊन पुढे होणार तेवढ्यात बारकी शांतपणे म्हणाली, "शब्द तीनचा होता. अजून तेरा मिनिटं आहेत." आणि तिने मशीन पुढे घेतलं. साखळ्यांपुढे उभं राहून वाद घालायची त्याची काही छाती झाली नाही.

गेटवर गेटवाला वही घेऊन आडवा आला. बाहेर पडणाऱ्या मशीनच्या मालकाची सही लागते म्हणाला. "मालक कुठायत?"

बारकीने काच सरकवली आणि सवयीने म्हणाली, "येतायत मागून."

गेटवाला मागे बघायला लागला. मागे मी एकटी, तेलाने माखलेली. आणि बारकीसुद्धा आरशात बघत होती, खरोखरच कुणीतरी यायचं असल्यासारखी. अगं वेडे, म्हणून ओरडणार होते, पण हे तिचं तिलाच उमगायला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःला आवरलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

मग तिने आरशावरची नजर काढली. लीवर सोडले, खाली उतरली आणि हात कपड्यांना नीट पुसले.

"आले मालक," ती गेटवाल्याला म्हणाली. "द्या, कुठे करायची सही?"