सात खिळ्यांची फळी

मुलांनो, एक फळी डोळ्यांसमोर आणा. दोन हात लांब, जुन्या दरवाजाची काढलेली, हात लागून लागून तेलकट झालेली. तिच्यावर ओळीने सात खिळे ठोकलेत आणि प्रत्येक खिळ्याखाली खडूने एकेक वार लिहिलाय, सोमवारपासून रविवारपर्यंत. खिळ्यांना कागदाच्या चिठ्ठ्या टोचल्यात. वर पंखा फिरला की त्या सगळ्या एकदम फडफडतात. आता त्या फळीसमोर स्टुलावर उभी असलेली दहा वर्षांची मुलगी बघा. तिचं नाव रक्षिता. तुम्ही तिच्या शेजारीच उभे राहा. पुढे जे घडलं ते तिथूनच नीट दिसतं.

बंगळूरला यशवंतपूरच्या बाजारामागे तिच्या अप्पांचं शिवणकामाचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. अप्पांचं नाव सुनीलकुमार. त्यांच्या आजोबांच्या आजोबांपासून सगळे शिंपीच. घरात माणसं तीनच: अप्पा, रक्षिता आणि अप्पांची मोठी बहीण तुंगाबाई, म्हणजे आत्या. रक्षिता दोन वर्षांची असताना तिची आई वारली. तेव्हा आत्या एक पत्र्याची पेटी घेऊन आली ती कायमचीच. रक्षिताला लाडाने पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणायची आत्या, तिची वेणी घालायची आत्या, शाळेत सोडायची आत्या, आणि उरलेला दिवस दुकानाच्या पायरीशी बसून काजं करायची आणि गुंड्या लावायचीही आत्याच. लहानपणी गोवरात तिचा डावा डोळा गेला होता. सगळं काम ती उजव्या डोळ्यावर करायची, जाड भिंगाच्या चष्म्यातून. रोज सकाळी रक्षिता वीस सुयांत दोरा ओवून एका चिंधीवर ओळीने टोचून ठेवायची. तेवढ्यावर आत्याचा दिवस निघायचा.

फळी आली त्याचंही एक कारण होतं. सहा वर्षांपूर्वी अप्पांची ख्याती काही चांगली नव्हती. कपडा द्यावा आणि चकरा माराव्यात, असं बाजारात म्हणायचे. एकदा तर भागुबाई नावाच्या गिऱ्हाइकाच्या मुलीचा लग्नाचा ब्लाउज वेळेवर झाला नाही आणि ती मुलगी मावशीच्या ब्लाउजला टाचण्या लावून बोहल्यावर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी भागुबाई दुकानात आल्या. ओरडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. चार गिऱ्हाइकांदेखत एवढंच म्हणाल्या, की सुनीलकुमार, तुझ्या दुकानात घड्याळ कशाला टांगलंयस, कॅलेंडर पुरे. त्या रात्री अप्पा जेवले नाहीत. आठवड्याभरात फळी भिंतीवर आली.

फळीचे नियम दोन. गिऱ्हाइकाचं काम पांढऱ्या चिठ्ठीवर लिहायचं, आणि पांढरी चिठ्ठी जागची हलवायची नाही; जो वार लिहिला त्या वारी काम झालंच पाहिजे. घरचं काम निळ्या चिठ्ठीवर. गॅस, विजेचं बिल, रक्षिताचे बूट, गावाकडचं लग्न. निळी चिठ्ठी त्या दिवशी जमली नाही तर पुढच्या खिळ्यावर सरकवायची. फाडायची मात्र नाही, हरवायची तर नाहीच. दुकान आवरताना उरलेल्या निळ्या चिठ्ठ्या सरकवायचं काम रक्षिताकडे होतं. तिला त्याचा फार अभिमान होता. सहा वर्षांत एकही चिठ्ठी हरवली नाही, असं अप्पा येईल त्याला सांगायचे. बाजारातले दोघे-तिघे दुकानदार येऊन फळी बघून गेले होते.

हळूहळू घरात एक सवय लागली. काही आठवलं की बोलायचं आणि चिठ्ठी टोचून मोकळं व्हायचं. मग त्या गोष्टीची काळजी कोणी करत नसे. खिळ्यावर आहे, एवढं म्हटलं की ती झाल्यासारखीच वाटायची.

मे महिन्यात दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. शाळा उघडायच्या आत गणवेश द्यावे लागतात. त्या वर्षी दोन शाळांचं काम होतं: एक आनेकलची, बावीस तारखेच्या शुक्रवारी द्यायची, दुसरी महादेवपुऱ्याची, त्यानंतरच्या सोमवारी. दोन्हींच्या पांढऱ्या चिठ्ठ्या अप्पांनी लाल पेन्सिलीने दोनदा अधोरेखित केल्या होत्या.

चौदा तारखेला, गुरुवारी, कॉफी पिताना आत्या म्हणाली की उजव्या डोळ्यात ठिणग्या उडाल्यासारखं होतंय, आणि काळ्या मुंग्या फिरतात, पुसल्या तरी जात नाहीत. अप्पांनी ते उडवून लावलं नाही, हे लक्षात ठेवा. त्यांनी पेला खाली ठेवला, तिथल्या तिथे निळा कागद घेतला, वर तारीख घातली आणि लिहिलं, "अक्का, डोळे, डॉक्टर." शुक्रवारच्या खिळ्याला टोचून ते वळले.

"लिहिलं बघ अक्का. आता विसरायचं नाव नाही."

"सरी, बरं," आत्या म्हणाली, आणि तिने सुई उचलली.

शुक्रवारी कापड उशिरा आलं. रक्षिताने चिठ्ठी शनिवारवर सरकवली. शनिवारी एक मशीन बिघडलं. रविवारी डॉक्टर बसत नाहीत म्हणून मधला खिळा सोडून तिने ती सोमवारवर टोचली. सोमवारी आनेकलच्या शाळेतून फोन आला, की चाळीस मुलं वाढलीत. चिठ्ठी मंगळवारवर गेली.

बुधवारी एक गोष्ट झाली. दुकानात गुंडूराव नावाचे म्हातारे कारागीर मशीनवर बसायचे. त्यांची जीभ कात्रीसारखी चालायची. त्यांनी आत्याने केलेला एक शर्ट उंच धरला.

"तुंगक्का, ह्याला काजं सहा आणि गुंड्या चार. उरलेल्या दोन गुंड्या पोरगं शाळेतून आणणार का?"

सगळे हसले. आत्याही हसली आणि तिने शर्ट मागून घेतला. पण तो घेताना तिचा हात शर्टाच्या बाजूने हवेतच गेला, आणि मग चाचपत शर्टावर आला. ते फक्त रक्षिताने पाहिलं. शिवाय त्या आठवड्यात आत्या वीस सुयांऐवजी तीस सुया ओवून मागत होती, कारण सुई हातातून पडली की ती शोधत बसत नव्हती.

गुरुवारी सकाळी वेणी घालता घालता आत्या थांबली आणि तिने हळूच विचारलं, "पुट्टी, खिडकीचा पडदा कोणी ओढलाय का ग? खालून वर येतोय."

रक्षिताने बघितलं. त्यांच्या खिडकीला पडदाच नव्हता.

ती अर्धी वेणी तशीच ठेवून खाली धावली. अप्पा खांद्यात फोन धरून कापड बेतत होते. महादेवपुऱ्याच्या शाळेचे व्यवस्थापक पलीकडून काहीतरी विचारत होते. रक्षिताने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा त्यांनी फोनवर हात ठेवला. तिने पडद्याचं सांगितलं.

"चिठ्ठी खिळ्यावर आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर. स्वल्प थांब, हे दोन दिवस जाऊ दे." आणि ते पुन्हा फोनवर बोलायला लागले.

ती वर गेली. आत्याने तिची वेणी पुरी केली, नुसत्या बोटांनी, आणि ती नेहमीसारखीच नीट बसली. त्यामुळे रक्षितालाही वाटलं, की फार काही नसेल.

शुक्रवारी आनेकलचे गणवेश टेम्पोत चढले, ठरल्या वेळेच्या तासभर आधी. त्याच संध्याकाळी निळी चिठ्ठी सरकवताना तिचं भोक फाटून कडेपर्यंत आलं आणि ती खाली पडली. इतक्या वेळा टोचल्यावर कागद तरी किती तग धरणार? रक्षिताने ती उचलून झटकली, दुसऱ्या कोपऱ्यात नवं भोक पाडलं आणि शनिवारवर लावली. चिठ्ठी हरवू दिली नाही म्हणून अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सोमवारी महादेवपुऱ्याचे गणवेशही गेले. अप्पा शाळेत स्वतः गेले होते. परत आले ते पेढे घेऊन. इतक्या वर्षांत वेळेवर माल देणारा पहिला शिंपी भेटला, असं तिथल्या लोकांनी म्हटलं होतं. पेढ्यांचा पुडा समोर धरला तेव्हा आत्याने पेढा उचलला नाही. तळहात पुढे धरून ती तशीच बसून राहिली, जणू पेढा अजून यायचा होता. पुडा समोर आलेला तिला दिसलाच नव्हता.

मंगळवारी अकरा वाजता ते तिघे डोळ्यांच्या दवाखान्यात होते. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घातले, थांबायला लावलं, मग अंधाऱ्या खोलीत बराच वेळ दिव्याने तपासलं. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, की ठिणग्या दिसायला कधी लागल्या. अप्पांना सगळं टिपून ठेवल्याचा भरवसा होता. त्यांनी शर्टाच्या खिशातून निळी चिठ्ठी काढून पुढे केली. बाईंनी ती वाचली. दोन्ही कोपऱ्यांतली भोकं पाहिली.

"ही तारीख तुम्हीच घातलीत?"

"हो."

"मग त्याच दिवशी का नाही आलात? आज बारा दिवस झाले."

अप्पांनी चिठ्ठी परत घेतली आणि कडेचं फाटलेलं भोक अंगठ्याने दाबून धरलं.

बाईंनी शांतपणे समजावलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, त्याच्यावर चित्र उमटतं. तो एका ठिकाणी फाटला होता. ठिणग्या दिसत होत्या तेव्हा बहुधा एवढंच झालं होतं, आणि ते बाहेरूनच, लेसरने, थोड्या वेळात चिकटवता आलं असतं. नंतर तो सुटत सुटत गेला. आता मधला भागही सुटला आहे. शस्त्रक्रिया करू, पण फार आशा धरू नका.

शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली तेव्हा आत्याला खिडकी कुठे आहे एवढं कळलं. खिडकीत कोण उभं आहे ते नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. रक्षिता स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकली. आत्या दुकानाच्या पायरीशी तशीच बसायची. कोणीतरी मांडीवर एखादं कापड ठेवायचं, आणि तिची बोटं त्याची कड चाचपत शेवटपर्यंत जायची, मग परत सुरुवातीला यायची. गुंडूराव आता थट्टा करत नव्हते. अप्पा तर बोलायचेच कमी. पण फळी भिंतीवर होती, कारण गिऱ्हाइकं होती.

एकदा रक्षिता आत्याच्या कुशीत शिरून म्हणाली, "चिठ्ठी मीच सरकवायचे आत्या. नऊ वेळा."

आत्याने तिच्या केसांतून हात फिरवला.

"तू दहा वर्षांची, पुट्टी. मी अठ्ठावन्नची. चल उठ सुनील, आत्ताच्या आत्ता चल, असं मला म्हणता येत नव्हतं? खिळ्यावर आहे म्हणून मीपण गप्प बसले."

रक्षिताला त्याने बरं वाटलं नाही. तुम्हालाही वाटलं नसतं.

डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, की उरलेला उजेड राखायचा असेल तर तपासणी चुकवू नका; डोळ्यातला दाब वाढला तर तेवढाही जाईल. पहिली तपासणी बुधवारी चार वाजता होती. अप्पांनी निळ्या कागदावर लिहिलं, "अक्का, तपासणी, चार." बुधवारच्या खिळ्याला टोचलं. त्याच खिळ्यावर एक पांढरी चिठ्ठीही होती: भागुबाई, दोन ब्लाउज, पाच वाजता.

बुधवारी रक्षिता शाळेतून सव्वातीनला आली. भागुबाई लवकर येऊन बाकावर बसल्या होत्या. संध्याकाळी त्यांना बारशाला जायचं होतं. एक ब्लाउज झाला होता, दुसऱ्याच्या बाह्या राहिल्या होत्या, आणि गुंडूराव तापाने घरी होते. अप्पा मशीनवर वाकले होते. घड्याळाकडे बघत होते, फळीकडे बघत होते, परत सुईकडे. आत्या धुतलेली साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन पायरीशी तयार बसली होती. सकाळपासूनच, बहुतेक.

साडेतीनला अप्पांनी मान वर न करता सांगितलं, "रक्षी, ती निळी उद्यावर घे. उद्या नक्की जाऊ."

आत्याने पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

रक्षिताने दप्तर उतरवलं. ती स्टूल ओढून फळीपाशी गेली आणि चढली. निळी चिठ्ठी तिने खिळ्यावरून काढली आणि गणवेशाच्या खिशात घातली. मग भागुबाईंची पांढरी चिठ्ठी काढली. सहा वर्षांत त्या फळीवरून पांढरी चिठ्ठी कोणी हलवली नव्हती. अप्पांची मान आता वर झाली होती. भागुबाईही बघत होत्या. रक्षिताने ती चिठ्ठी गुरुवारच्या खिळ्यावर टोचली, बोटाने नीट खाली दाबली आणि स्टुलावरून उतरली.

आत्याच्या चपला तिने पायरीखालून काढून तिच्या पावलांसमोर सरळ ठेवल्या. पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली, आत्याचा हात उचलून दुसऱ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, "चल."

मागे मशीन थांबल्याचं तिला ऐकू आलं. ती वळली नाही. रस्त्याच्या कडेला जाऊन तिने येणाऱ्या रिक्षाला हात केला.