रक्तातच आहे

नवरा आणि सासरे संशोधनासाठी मेंदूचे फोटो काढून घ्यायला हॉस्पिटलात गेले आणि तिच्या डोक्याला नवाच ताप झाला. आईबापांकडून मुलांत काय काय उतरतं, ते म्हणे त्या फोटोंवरून शोधणार होते. नवऱ्याने आपल्या मेंदूचा फोटो आणून थेट फ्रिजवर चिकटवला.

"बघ, अगदी बाबांसारखा! राग माझ्या हातात नाहीच. रक्तातच आहे."

पूर्वी कप फोडला की निदान तोंड लपवायचा. आता फोडायचा आणि फ्रिजकडे बोट दाखवायचा. वर सासूबाई री ओढायच्या, "ह्यांचंही असंच. खाण तशी माती." ती दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि घरी येऊन काचा वेचायची.

एकदा तिच्या लेकीने, चिमीने, गणित सुटेना म्हणून कंपासपेटी भिंतीवर भिरकावली. ती ओरडली, तर पोरगी थंडपणे म्हणाली, "मी काय करू? मी बाबांवर गेलेय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिसरी पिढी म्हणून चिमीचाही फोटो काढायचा होता, आईची सही हवी होती. सगळं घर हॉस्पिटलात गेलं. संशोधक बाईंना तिने तोंडावरच विचारलं, "याचा राग दिसतो का हो फोटोत?"

"छे! आम्ही शेकडो कुटुंबांचे फोटो ताडून पाहतो. एकट्याच्या फोटोवरून स्वभाव नाही सांगता येत."

"मग माझी सही नाही. पोरीला आयतं निमित्त नको."

बाहेर येताच नवरा लालबुंद झाला. "चारचौघांत शोभा केलीस माझी!" म्हणत त्याने हातातली काचेची बाटली उगारली. दारावरच्या वॉचमनने नुसती त्यांच्याकडे मान वळवली. हात जागीच थांबला आणि अलगद खाली आला.

"थांबला!" ती कडाडली. "वॉचमनला बघून बरा थांबला! रक्त काय फक्त घरातच उकळतं तुझं?"

त्याला तोंड उघडायचीही सवड न देता ती चिमीला घेऊन तडक बहिणीकडे गेली.

संध्याकाळी बेल वाजली. दारात सासूबाई, काखेत कपड्यांची पिशवी.

"उभा जन्म मला वाटत आलं, यांना थांबताच येत नाही," त्या म्हणाल्या. "मेल्यांनी फसवलं मला! सरक, आत येऊ दे."