मामेभावाच्या डोक्याला हात

"काय रे, जीभ कुठं गहाण ठेवून आलास?" कितिओनेनं टोमणा मारला आणि अपोरोसाच्या उत्तराची वाट पाहिली.

उत्तर आलं नाही. गावच्या सरदारांच्या घरी भरदुपारी चटईवर पुरुषमंडळी यांगोना, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं गुंगवणारं पेय, पीत बसली होती. अपोरोसा हा कितिओनेचा मामेभाऊ. फिजीत आते-मामेभावांनी एकमेकांची टर उडवायची हा रिवाजच, आणि या दोघांनी तो लहानपणापासून इमानेइतबारे पाळलेला. त्यात अपोरोसा म्हणजे सरदारांची वाचा. चारचौघांत सरदार गप्प बसणार आणि त्यांच्या वतीनं हा बोलणार. असा माणूस टोमणा गिळतो म्हणजे काय?

"चढलीय त्याला," कुणीतरी म्हणालं. यांगोनानं जीभ जड होतेच. पण अपोरोसाच्या ओठाचा डावा कोपरा ओघळला होता, पेय हनुवटीवरून गळत होतं आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"आपो, दोन्ही हात वर कर बघू," कितिओने म्हणाला.

उजवा वर गेला. डावा मांडीवरच राहिला.

"लकव्याचा झटका आलाय याला! इस्पितळात न्यायला बोट काढा!"

घर हशानं दणाणलं. त्यांचं तरी काय चुकलं? मागं चर्चमध्ये नर्सबाईंनी समजावलं होतं, की तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर क्षणही दवडू नका. ब्लडप्रेशरच्या गोळ्या रोज घ्या, मीठ कमी करा. तेव्हापासून तोंड वाकडं करून हात लोंबता सोडायची नक्कल कितिओने प्रत्येक बैठकीत करायचा. सगळ्यात जास्त अपोरोसाच हसायचा, आणि गोळी डोकं दुखलं तरच घ्यायचा.

"पुरे रे तुझं नाटक," सरदार म्हणाले. "झोपू दे त्याला."

कितिओनेनं जन्मभर थट्टा केली, आता खरं बोललं तर ऐकतंय कोण? तो भर बैठकीत उठला, यांगोनाच्या भांड्यासमोरून कुणी जायचं नसतं, तरी तसाच चालत गेला आणि अपोरोसाचं डोकं त्यानं दोन्ही हातांत धरलं.

हसू जागच्या जागी थांबलं. डोकं पवित्र; दुसऱ्याच्या डोक्याला हात लावायचं धाडस आमच्याकडे कुणी थट्टेतही करत नाही.

"बोट काढा," सरदार म्हणाले.

समुद्र शांत होता, देवाची कृपा. पलीकडच्या बेटावरच्या इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आणलंत." कितिओने व्हरांड्यात बसून लहान पोरासारखा रडला.

नाताळाच्या आधी अपोरोसा काठी टेकत त्याच्या घरी आला. रीतीप्रमाणे देवमाशाचा दात पुढे धरून त्यानं आभाराचं भाषण सुरू केलं. असली भाषणं तो पूर्वी एका दमात करायचा. आता सरदारांसाठी त्याचा पुतण्या बोलतो. चार वाक्यं झाली आणि पुढचा शब्द काही केल्या सापडेना. कितिओनेच्या बायकोनं न राहवून तो सुचवायला तोंड उघडलं.

कितिओनेनं तिच्या हातावर हात ठेवला. "थांब. त्याला सापडेल."

हा माणूस आपल्यासमोर बसून शब्द शोधतोय, याहून जास्त कितिओनेला काही नको होतं. रिवाजाप्रमाणे तिघंही माना खाली घालून त्या शब्दाची वाट पाहत बसली.